चढावर बोलता आलं पाहिजे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जुन्नरचा रविवारचा बाजार. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, नेहमीचंच होतं. मी पुढं, हौसा मागं कॅरिअरवर, पाय एका अंगाला सोडून, मांडीत पिशवी. पिशवीत मेथीच्या जुड्या, गवार, बोंबलाची पुडी आणि बाजारात भेटलेल्या तिच्या थोरल्या बहिणीनं, निमगाव सावाच्या अक्कानं, बळंच कोंबलेला लसूण.

सायकल हलली की हौसाचं तोंड सुरू व्हायचं. लग्न झाल्यापासून तसंच. पोरानं मोटारसायकल घेतली तेव्हा ती एकदाच मागं बसली आणि उतरून म्हणाली, “ह्याच्यावर बोललेलं ऐकू येत न्हाई. मला न्हाई बसायचं.” मग आपली सायकलच.

“अवो, अक्काच्या म्हशीची रेडी गेली व्हती, ऐकलं का?”

“हूं.”

“मागल्या आठवड्यात, शनवारी दुपारी गेली. दावं तिथंच, खुटा तिथंच, रेडी न्हाई. समदी म्हणली, झालं, बिबट्यानं नेली. फॉरेस्टची माणसं आली, उसात ठसं हुडकाया लागली. पंचनाम्याला निम्मा गाव गोळा. अक्का तर रडून रडून बेजार.”

“हूं.”

“आन् मंग काय झालं म्हाईतीये?”

आमच्या वाडीच्या वाटेवरचा चिंचेजवळचा चढ लागला होता. त्या चढावर मी आयुष्य काढलंय. मी पॅडल मारत राहिलो.

“काय झालं म्हाईतीये का, म्हणते मी.”

मी गप्प.

“अवो, तुमी हूं करीनात.” असं म्हणून ती चालत्या सायकलवरून खाली उतरली. “थांबा.”

“काय झालं?” मी म्हटलं, पण दोन शब्दांच्या मधे मला श्वास घ्यावा लागला.

ती पुढं येऊन माझ्या तोंडाकडं बघत राहिली. “किती दिस झालं ह्याला?”

“कशाला? चाकात हवा कमी हाये.”

“हवा मी सकाळी अंगठ्यानं दाबून बघितलीय. टायरात हाये, तुमच्यात न्हाई. उद्या डॉक्टर मॅडमकडं जायाचं. तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगंन.”

मग तो सगळा चढ ती चालत चढली. उन्हाचं. एक हात कॅरिअरवर ठेवून ती मागून ढकलत होती आणि मी हँडल धरून पुढं. वर आल्यावर परत बसली. मी म्हटलं, “मंग रेडीचं काय झालं?” तर म्हणाली, “आता न्हाई. तुमी बरं झाल्यावर सांगते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आधण ठेवलं आणि ती चुलीपुढं बसली ती बसलीच. डोक्यातली नस फुटली म्हणाले. मॅडम सायकल दामटत आल्या, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हौसाचा हात हातात घेऊन बसल्या, एवढंच.

आता धंद्याकडं येतो. या अंकाचं काम बघणारे गुरुजी दुकानात आले आणि म्हणाले, “अण्णा, तुमच्या कामाबद्दल लिहा.” माझी शाळा तिसरीपर्यंत. मी म्हटलं, गुरुजी, माझं अक्षर म्हणजे चेनीतून निघालेलं. ते म्हणाले, चालतंय. तर शुद्धलेखन त्यांचं, बाकी माझं.

जुन्नरात माझं सायकलचं दुकान आहे. एके काळी भाड्याच्या सायकली लाईनीत उभ्या असायच्या. मग घरोघरी मोटारसायकली आल्या आणि माझ्याकडं राहिली शाळेची पोरं, दूधवाले आणि हवा मारून पुढं जाणारी माणसं. दुकान बंद करून पोराकडं चाकणला जायचं चाललं होतं. त्या सुमाराला एक बाई पुढच्या चाकाचा आऊट काढायला आली. आऊट काढणं म्हणजे चाक डुगडुगतं ते तारा कसून सरळ करणं. मी चाक लावलं, हौसा नेहमीप्रमाणं समोर बसून रिमवर डोळा ठेवून होती. “डावीकडं जातंय. आजून. हां, बास.” माझं हे काम निम्मं तिच्या डोळ्यांवर चालायचं.

ती बाई म्हणजे आमच्या मॅडम. हृदयाच्या डॉक्टर. पलीकडच्या आळीत त्यांनी नवीन दवाखाना काढला होता. दवाखान्यात सायकलवर यायच्या, डोक्यावर हेल्मेटचं टोपडं घालून. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघून घाटघरपर्यंत जायच्या आणि भातखाचरांचा चिखल चेनीत भरून आणायच्या. तो मला काढावा लागायचा. गावात लोक हसायचे. दुकानासमोर एकजण मला म्हणाला होता, “अण्णा, जिला सोताला गाडी घेता येत न्हाई, ती आपल्याला काय औषिद देनार?” पेशंटला वाटायचं, डॉक्टर गरीब म्हणजे औषध हलकं.

हळूहळू मॅडमच्या दवाखान्यातून माणसं माझ्याकडं यायला लागली. “मॅडमनी पाठवलंय,” म्हणायची आणि लाजल्यासारखी उभी राहायची. कुणाला झटका येऊन गेलेला, कुणाच्या नसेत स्प्रिंग बसवलेली, कुणाची नुसती साखर आणि पोट. मी मॅडमना जाऊन म्हटलं, ही माणसं माझ्या दुकानात मेली तर माझं काय?

त्या म्हणाल्या, “अण्णा, तुमचा हवेचा पंप वर्षभर पडून राहिला तर काय होतं?”

“आतलं चामड्याचं वायसर सुकतं. हवा मारीत न्हाई.”

“मग काय करता?”

“तेलाचे दोन थेंब सोडतो आन् हळूहळू मारत राहतो.”

“माणसाचं हृदय तसंच. तेवढं तेल सोडून बाकी सगळं बरोबर.”

त्यांनी एक नियम सांगितला, त्यावर माझी इतकी वर्षं गेली. म्हणाल्या, सायकल चालवताना माणसाला बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता आलं तर जोर कमी पडतोय, अजून जरा मारायला हरकत नाही. बोलताना शब्द तुटायला लागले तर जोर जास्त होतोय, उतरायचं. आणि छातीत, खांद्यात, जबड्यात काही धरल्यासारखं वाटलं किंवा उगाच घाम फुटला, तर सायकल तिथंच टाकून दवाखाना. त्याला पित्त म्हणायचं नाही. “चढावर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, अण्णा. एवढंच बघा.” त्यांनी तपासून हो म्हटल्याशिवाय मी कुणाला पॅडलवर पाय ठेवू देत नव्हतो, ही माझ्या बाजूनं अट.

मग मी काय करायचो, तर मागची चकती जास्त दातांची बसवायची, म्हणजे पॅडल हलकं जातं. पॅडल तळाला असताना गुडघा जरासा वाकलेला राहील इतकी शीट वर घ्यायची. ब्रेकचं रबर नवं. आणि पहिले काही दिवस आपली सायकल काढून त्याच्या बाजूनं जायचं आणि त्याला बोलतं ठेवायचं. काय पेरलं, किती पोरं, जावई कसाय. उत्तर तुटलं की मी म्हणायचो, उतर. फॉरेस्टवालेही आमच्यावर खूश असायचे. आमच्याकडं उसात बिबट्या, त्यामुळं रानात माणसानं मोठ्यानं बोलत जावं असं तेही सांगायचे. आमचे हार्टवाले रस्त्यानं जायला लागले की त्या आवाजानं बिबट्या काय, कोल्हा पण बाहेर पडत नसेल.

एकेक नमुने भेटले. संपतराव म्हणून एक द्राक्षवाले होते, मोठी बाग. त्यांनी पुण्याहून लाखाच्या घरातली सायकल आणली आणि अंगाला चिकटलेले कपडे घालून दुकानात आले. हौसा पदर तोंडाला लावून आत गेली. संपतरावांचं बोलणं चढावर एकदाही तुटायचं नाही. मी मॅडमना सांगितलं, माणूस तयार झालाय. पण त्यांचं प्रेशर उतरेना. मॅडम एकदा स्वतः त्यांच्याबरोबर गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, “अण्णा, ते कानात फोन घालून मजुरांना शिव्या देतात. सबंध रस्ताभर.”

मी म्हटलं, “पन पूर्ण वाक्यं असत्यात, मॅडम.”

तेव्हापासून आमच्या नियमाला पोटनियम लागला. बोलायचं, पण भांडायचं नाही.

घोडेगावच्या एक शिक्षिका होत्या, रिटायर झालेल्या. मुलीकडं जुन्नरात राहायला आल्या होत्या. झटक्यातून उठलेल्या आणि सायकल आयुष्यात शिवलेली नाही. मॅडम म्हणाल्या, चाला नुसतं. बाई म्हणाल्या, न्हाई, माझ्या वर्गातल्या पोरी सायकलवर यायच्या, मला तेव्हापासून शिकायचंय. मी तर हात वर केले. हौसाला स्वतःला सायकल येत नव्हती, पण तिनं शीट धरली आणि मैदानात त्यांच्या मागं पळाली. पळताना ओरडायची, “बाई, बोला! बोला!” बाईंना काय बोलावं सुचेना, मग त्यांनी पाढे सुरू केले. सतराच्या पाढ्यापाशी हौसानं हात सोडला आणि बाईंना कळलंच नाही. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत त्या एकट्या गेल्या. मग मागं वळून बघितलं आणि पडल्या, पण हसत पडल्या.

आणि बिरू. बिरूचं जरा सविस्तर सांगतो, कारण पुढं काम त्याच्याशी आहे.

बिरूची वस्ती आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला. बापजादे मेंढरामागं हिंडलेले. आता शेती करतो, पण थोडी मेंढरं ठेवलीत, करमत नाही म्हणून. माणूस इतका कमी बोलतो की पहिल्यांदा आला तेव्हा पंक्चर आहे एवढंही बोलला नाही, चाकाकडं बोट केलं. मी ट्यूब पाण्यात घातली होती. हौसा बुडबुडा बघता बघता मान वर करून म्हणाली, “हा माणूस सावलीत बसलाय आन् घामानं निथळतोय.”

मी म्हटलं, “चालत आला असंल.”

“चालत आल्याला असा घाम नसतो. अवो भाऊ, छातीत काय व्हतंय का?”

बिरूनं मान हलवली. हो की नाही ते कळेना. हौसानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि पलीकडच्या आळीत मॅडमच्या पुढ्यात नेऊन बसवलं. तिथून गाडीत घालून पुण्याला. स्प्रिंग बसली. पुढं काही महिन्यांनी मॅडमनी त्याला सायकल सांगितली आणि माझ्यापुढं पंचाईत उभी राहिली. न बोलणाऱ्या माणसाचं बोलणं तुटलं कसं ओळखायचं?

मी विचारायचो, “बिरू, कांदा किती निघाला?” बिरू दोन बोटं वर करायचा. हँडल सोडून!

हौसा म्हणाली, त्याला मेंढरं हाकायला सांगा. ती युक्ती लागू पडली. चढावर बिरू “हिर्र्र, हो हो हो” असं ओरडत जायचा, समोर मेंढरू नसताना. एस.टी.तली माणसं खिडकीतून बघायची. पण ओरडणं तुटलं नाही म्हणजे बिरू चांगला.

हे सगळं चांगलं चाललं होतं, आणि मग तो बाजाराचा रविवार आला.

हौसा गेल्यावर तेरावं झालं आणि मी दुकान उघडलं. पोरगा चल म्हणत होता. मी नाही म्हटलं. घरी बसलो असतो तर चूल बघत बसलो असतो. सकाळी चहा, खारी. दुपारी वडापाव नाहीतर तसंच. गुडघे दुखायचे त्याला मेडिकलमधली पांढरी गोळी मी पूर्वीपासून घ्यायचो. हौसा असताना ती म्हणायची, “आधी भाकरी खा, मंग गोळी.” आता कोण म्हणणार? दुखणं वाढलं तसा एकीच्या दोन घ्यायला लागलो, चहाबरोबर.

धाप तर होतीच. बाजाराच्या दिवशी होती त्याहून वाढली. इतकी वर्षं मी हार्टवाल्यांच्या बाजूनं सायकल मारलेली, मला कळत नव्हतं असं नाही. चढावर माझ्या तोंडातून शब्द निघत नव्हता. पण मी आता एकटा होतो. कॅरिअर रिकामं, मागून कुणी काही विचारत नव्हतं. एकट्या माणसाला चढावर बोलायची वेळच येत नाही. मॅडमच्या नियमातून मी असा अलगद सुटलो होतो.

त्यांना जाऊन का सांगितलं नाही? लोकांना वाटेल बाबा बायकोच्या मागं जायला बसला होता. तेही थोडं होतं, खोटं कशाला बोलू. हृदयानं जातो तो पटकन जातो, हे ऐकून होतो. पण खरी गोष्ट वेगळी होती. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला असता, कधीपासून? मग मला तो चढ सांगावा लागला असता. माझा दम गेला म्हणून हौसा उतरली. माझ्यामुळं ती उन्हाचा तेवढा चढ चालली, सायकल ढकलत. आणि दुसऱ्या सकाळी गेली. ती कशानं गेली हे मी माझ्या मनात ठरवून टाकलं होतं. ते डॉक्टरच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती. म्हणून मी पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत वर्ष घालवलं.

बाकीच्या पेशंटांना मी टाळायला लागलो. गुडघा दुखतोय म्हणायचो. फक्त बिरूबरोबर जायचो, कारण बिरू बोलत नाही. त्यानंही मेंढरं हाकणं सोडलं होतं, बरा झाला होता. दोन मुके सकाळी निघायचे आणि मुक्यानं परत यायचे. मला ते बरं वाटायचं.

या उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट. चिंचेचा चढ आम्ही चढत होतो. आणि बिरू बोलला.

“अण्णा, तुमी लगीन कोंच्या साली केलं?”

मी इतका दचकलो की हँडल हललं. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण नुसती हवा आली.

“पोरगं किती वर्साचं हाये?”

मी पॅडल मारतोय.

“अण्णा, दुकानाचं भाडं किती?”

मी काहीच बोलू शकलो नाही. बिरूनं आपली सायकल रस्त्याच्या कडेला आडवी टाकली, पळत आला आणि माझं हँडल धरलं.

“उतरा.”

“सोड. काय... काय लावलंय...”

“उतरा म्हनतो ना.”

“तुला... काय... करायचंय?”

बिरू म्हणाला, “मी लई दिस ऐकतोय. दमलेल्या मेंढराचा श्वास मला मागनं ऐकू येतो. तुमचा बी येतो. आज बोलून बघितलं.” त्याच्या तोंडून एवढी वाक्यं एका ठिकाणी मी पहिल्यांदाच ऐकली. मग म्हणाला, “वयनी असत्या तर आधीच धरलं असतं.”

 त्यानं दोन्ही सायकली चिंचेखाली लावल्या आणि हात दाखवून एक टेम्पो थांबवला. टोमॅटोच्या क्रेटवर बसून आम्ही दवाखान्यात गेलो.

मॅडमनी मला बघितलं आणि बाकीचे पेशंट थांबवले. छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. ती बाजूला ठेवली आणि माझी खालची पापणी ओढली. मग नखं बघितली.

“जीभ दाखवा.”

दाखवली.

“शौचाला काळी होते का?”

“मॅडम, काय इचारता राव!”

“विचारते ते सांगा.”

“व्हती.”

“कधीपासून?”

“बघत कोन बसतंय?”

“गुडघ्याला गोळी घेता का?”

“घेतो. मेडिकलमधली. पांढरी.”

“कशावर?”

“चहावर.”

“चहाच्या आधी काय खाता?”

“आधीचा चहा.”

बिरू दारात उभा होता. तो हसला. मॅडम हसल्या नाहीत. रक्त काढायला लावलं, नारायणगावच्या एका मोठ्या दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी करायला पाठवलं, घशातून दुर्बीण घालायला लावली. तो प्रकार दुश्मनावर येऊ नये. रक्ताच्या बाटल्या चढवल्या. तिथं खाटेवर पडल्या पडल्या मी सगळं ठरवून टाकलं. दुकानातला पाना-पक्कड कुणाला द्यायची, सायकली कुणाला. बिरूला माझी द्यायची, हेही ठरवलं. गंमत म्हणजे हे ठरवताना मला वाईट वाटायला लागलं. वर्षभर वाटत होतं की जावं, आणि आता जायची तयारी करायला बसलो तर पुढच्या चाकाला नवा टायर घातलाय तो आठवत होता.

सगळे रिपोर्ट आले तेव्हा मॅडमनी मला समोर बसवलं.

“अण्णा, हृदय बघितलं. चांगलं आहे.”

“कुनाचं?”

“तुमचं.”

“नीट बघितलं का?”

“माझं काम तेच आहे, अण्णा. तुमच्या वयाला इतकं चांगलं हृदय मी रोज बघत नाही. एवढी वर्षं लोकांच्या बाजूनं सायकल मारलीत, ती कुठं जाणार? बिघाड पोटात आहे. त्या गोळ्यांनी जठराला जखम झाली आणि तिथून थोडं थोडं रक्त जात राहिलं, कितीतरी महिने. रक्त कमी म्हणून धाप. तुमच्या भाषेत सांगू? पंप ठीक आहे. ट्यूबला बारीक पंक्चर होतं, बुडबुडा न दिसणारं. आता गोळी बंद, पोटाचं औषध चालू, लोहाच्या गोळ्या आणि दोन वेळचं जेवण. भरून निघेल.”

मी बसून राहिलो. अंगावरनं पोतं उतरवल्यासारखं हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं म्हणून लाजही वाटली. बायको जाऊन वर्ष झालेल्या माणसानं एवढं खूश व्हावं का? पण झालो, ते लपवून काय करू. मला मरायचं नव्हतं, हे मला त्या खुर्चीत कळलं.

आणि बहुतेक त्याच जोरावर मी तोंड उघडलं. चढ सांगितला. हूं केलं नाही ते सांगितलं. हौसा उतरली, उन्हाची चालली, मागून ढकललं, सगळं. मग विचारलं, “मॅडम, ती त्या चढानं गेली का? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.”

मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवले.

“त्यांना प्रेशर होतं, अण्णा. माझ्याकडचीच गोळी चालू होती आणि त्या वेळेवर घेत होत्या. तरी काही वेळा नस फुटते. ती नेमकी त्याच सकाळी का फुटली, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. पण चढानं नाही. आदल्या दिवशी चढ चालून कुणी असं जात नाही. त्या रोज विहिरीवरून पाण्याच्या कळश्या आणायच्या, त्या शिक्षिकाबाईंच्या मागं मैदानभर पळाल्या होत्या. तो चढ त्यांना काहीच नव्हता.” मग म्हणाल्या, “दुखणं त्यांनी बरोबर पकडलं होतं. तेव्हाच तुम्हाला इथं आणून बसवलं असतं.”

“दुसऱ्या दिवशी आननारच व्हती.”

“मग वर्षानं का होईना, आलात.”

बाहेर बाकावर बिरू बसला होता. मी त्याला म्हटलं, “हार्ट चांगलं हाये. सायकल न्हाई मिळायची तुला.” त्याला काय कळणार? त्यानं मान हलवली. हो की नाही ते याही वेळी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. पीठ मळून भाकरी थापली. ती भाकरी म्हणावी अशी नव्हती, पण मेथीच्या भाजीबरोबर सगळी खाल्ली आणि मग गोळी घेतली, त्या क्रमानं. महिनाभर सायकलवर बसायचं नाही असं मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून सायकल हातात धरून दुकानाला निघालो. चिंचेचा चढ उतरलो. तळाला गेल्यावर थांबलो, सायकल उलटी फिरवली आणि निमगाव सावाला अक्काला फोन लावला. फोन शर्टाच्या खिशात उभा ठेवला, आवाज मोठा करून.

“अक्का, रेडी कुठं सापडली व्हती?”

“कोन बोलतंय? पावणं? कोंची रेडी?”

“बिबट्यानं नेली म्हणून पंचनामा केला ती.”

 मग अक्का म्हणाली, “हौसानं सांगितलं न्हाई व्हय?”

“अर्धं सांगितलं.”

“अगं बया.” तिनं नाक ओढलं. मग मात्र सुरू झाली, थेट हौसासारखी. “अवो पावणं, शाळेत सापडली! शनवारी गुर्जी वर्गाला कडी लावायचं इसरलं. रेडी गेली सावलीला आत आन् वाऱ्यानं दार लागलं मागनं. हितं फॉरेस्टवाली ठसं मोजत्यात, मी छाती बडवून घेते, आन् सोमवारी पोरांनी दार उघडलं तर ही फळ्याकडं तोंड करून उभी. तिसरीच्या वर्गात!”

मी चढाला लागलो होतो. सायकल ढकलत, हळूहळू.

“हौसा बाजारातच म्हनली व्हती मला, आता ह्यांना सांगते म्हणून. म्हणली, सांगते त्यांना, तुमच्याइतकीच शिकली बघा रेडी. फक्त ती दोन दिसात शिकली.”

मी हसलो. हसता हसता दम लागला तसा चिंचेखाली थांबलो. कॅरिअरवर एक हात ठेवला, दम खाली बसू दिला आणि परत चालायला लागलो. अक्काचं चालूच होतं. रेडीनं पोरांच्या पाण्याची टाकी कशी रिकामी केली, गुर्जींना सबंध वर्ग कसा धुवावा लागला, आणि आता ती रेडी गाभण आहे ते.

“पावणं, ऐकताय ना?”

“हूं,” मी म्हटलं.